पायाखालचा स्विच

जुन्या जीपच्या पाठीवर एक ओळ हमखास रंगवलेली असे: ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’. पांढऱ्या रंगात, इंग्रजी अक्षरांत, गावातल्या पेंटरला जमेल तशी. तहसील कचेरीच्या आवारात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना ती लगेच आठवेल. ही ओळ हौसेनं लिहिलेली नसे. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते, ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि पूर्वी थांबायचं-वळायचं झालं की उजवा हात बाहेर काढून दाखवत असे. अमेरिकन घडणीच्या जीपमध्ये ड्रायव्हर डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला, गटाराच्या बाजूला. त्यानं कितीही हात हलवला तरी मागून पुढे काढू पाहणाऱ्या ट्रकवाल्याला तो दिसायचा नाही. म्हणून आधीच बजावून ठेवायचं, की बाबा रे, आमच्या हातावर विसंबू नकोस.

मग विसंबायचं कशावर? मागच्या एका लाल दिव्यावर. ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय दिला की तो दिवा लागायचा, आणि तो लावणारा स्विच होता ड्रायव्हरच्या पायाखाली, पत्र्याच्या तळाशी, चिखलापाण्याच्या तोंडावर. अंगठ्याएवढा. धातूचं छोटं बूड, त्याला आटे, डोक्यावर काळी टोपी आणि टोपीतून वर आलेल्या दोन पिना. जीपवर लिहायचं म्हणून मी गॅरेजांमधून बसायला लागलो तेव्हा युद्ध, घाट, लिलाव, शिकारी असा मोठा पसारा डोळ्यांसमोर होता. गॅरेजात मात्र गप्पा पुन्हापुन्हा या स्विचवर येऊन अडायच्या. मालकांना त्याचा राग येतो, मिस्त्रींना त्यावर मतं असतात, आणि ब्रेकचा दिवा नेमका कशाची खबर देतो या प्रश्नावर दोन मिस्त्री एकमेकांशी भांडू शकतात, हे मला तिथंच कळलं.

जीपचा जन्म लष्करी घाईतला. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी टेहळणी गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या लहानशा कंपनीनं पहिला नमुना उभा केला. मोठं काम मात्र गेलं ओहायोतल्या टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडकडे आणि तिच्या जोडीला फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बाहेर काढल्या. त्या गाडीचे मागचे दिवेही युद्धाच्याच हिशेबानं केलेले. डाव्या दिव्यात नेहमीचा टेल लॅम्प आणि ब्रेकचा दिवा, उजव्यात ब्लॅकआउटचा ब्रेकदिवा. डॅशबोर्डवरचा खटका ओढून ब्लॅकआउटवर आणला की ब्रेक दाबल्यावर डावीकडचा झगझगीत दिवा गप्प राहायचा आणि उजवीकडे एक मिणमिणता लाल तुकडा उजळायचा. विमानाला दिसू नये आणि मागच्या जीपला दिसावा, अशी तारेवरची कसरत. ताफ्यात किती अंतर ठेवायचं हेही मागच्या बारीक भोकांवरून कळे: जवळ आलं की ठिपके सुटे सुटे दिसत, लांब गेलं की एकात एक मिसळत. शत्रूच्या टापूतसुद्धा ब्रेकचा दिवा पुरता काढून टाकावा असं कुणाला वाटलं नाही. अंधारात आपल्याच मागच्या गाडीची धडक बसायची भीती तितकीच खरी होती.

आपल्याकडची जीप ही त्या घराण्याची मुंबईकर शाखा. १९४५ मध्ये लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं, आणि विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जोडणी सुरू झाली. आपल्या लोकांच्या डोळ्यांत बसलेली उंच बॉनेटची जीप म्हणजे सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ ला आली. बॉनेट उंच, कारण खालचं इंजिन उंच: हवा घेणारे वाल्व वर डोक्यात आणि धूर सोडणारे बाजूला ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना. देखणेपणाचा विचार त्यात अजिबात नव्हता. तरीही पुढं हीच गाडी देखणी ठरली. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, गटविकास अधिकाऱ्याच्या दारात जीप आली, पोलीस, पाटबंधारे, साखर कारखाना असं करत ती तालुक्यातालुक्यात पोचली. सरकारी लिलावातून मग ती बागाईतदारांकडे, ठेकेदारांकडे आणि शेवटी हौशी लोकांकडे आली.

मी पाहिलेली गाडी अशीच लिलावातली, जुन्नरकडच्या एका कुटुंबाची. वडिलांनी घेतलेली, मुलानं हल्ली नव्यानं करून घेतलेली. रंग, हूड, सीटा, टायर, सगळं झकास. तक्रार एकच: ब्रेकचा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. माळशेजच्या उतारावर मागचा टेम्पो अगदी टेकला तेव्हा ती तक्रार गंभीर झाली. बल्ब बदलून झाला होता, होल्डर घासून झाला होता. शेवटी गाडी पुण्यात नाना पेठेच्या अलीकडच्या एका गॅरेजात आली. तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे, बोलणं कमी.

मला वाटलं होतं ते आधी गाडीखाली शिरतील. त्यांनी ड्रायव्हरच्या पायाजवळची रबरी मॅट बाजूला केली, तळाच्या पत्र्यावरचं झाकण चार स्क्रू काढून उचललं आणि आत टॉर्चचा उजेड टाकला. खाली मास्टर सिलिंडर. जुन्या विलीजमध्ये हा सिलिंडर आजच्यासारखा बॉनेटखाली नसतो, तळाखाली चेसिसला बोल्ट केलेला असतो, आणि ब्रेक ऑइलही तिथूनच, पायाजवळच्या भोकातून भरायचं. सिलिंडरच्या पुढच्या टोकाला, जिथून चाकांकडे जाणाऱ्या नळ्या निघतात, तिथंच तो स्विच बसवलेला. मिस्त्रींनी त्याच्या दोन्ही वायरी उपसल्या आणि एकमेकींना टेकवल्या. मागे उभ्या असलेल्या पोऱ्यानं ओरडून सांगितलं, “लागला!”

“बल्ब बरा, वायर बरी, अर्थ बरा,” मिस्त्री मालकाला म्हणाले. “आता राहिला कोण?”

अर्धं मिनिट लागलं असेल. एवढी चाचणी कुणालाही घरी करता येते. स्विचचं काम एकच, दोन वायरी जोडायच्या. आपण हातानं जोडल्यावर दिवा लागत असेल तर दोष स्विचचा. नसेल लागत तर स्विच बदलून पैसे वाया घालवू नयेत. आणि नव्यानं रंगवलेल्या जीपमध्ये बहुतेक वेळा तो लागत नाही, याचं कारण गमतीचं आहे. दिव्याला बॅटरीकडून एकच वायर येते. परतीचा रस्ता म्हणजे दिव्याचा बोल्ट, मागचा पत्रा आणि चेसिस. हौसेनं केलेल्या पावडर कोटिंगचा जाड थर बोल्टाखाली बसला की तो रस्ताच बंद. मग करंट दुसऱ्या वाटा शोधतो. ब्रेक दाबला की टेल लॅम्प मंद होतो, इंडिकेटर लावला की दोन्ही दिवे अर्धवट उजळतात, आणि मालक ‘वायरिंगला भूत लागलंय’ म्हणत वायरमनच्या मागे लागतो. बोल्टाखालचा रुपयाएवढा रंग खरवडला की भूत उतरतं.

इथं मात्र दोषी स्विचच होता. मिस्त्रींनी टॉर्च जवळ धरून मला खालची चेसिस दाखवली. स्विचच्या बरोबर खाली रंगाला फोड आलेले, मधे पत्रा उघडा पडलेला. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल रंग खातं. स्विचच्या पिनांपाशी बोट फिरवून त्यांनी ते अंगठ्यावर चोळलं. ओलसर, चिकट. आतला पडदा फाटून ऑइल पिनांपर्यंत चढत होतं. म्हणजे हा नुसता दिव्याचा बिघाड नव्हता. ज्या ऑइलवर चारही चाकांचे ब्रेक चालतात, ते थेंबथेंब गळत होतं. युद्धकाळापासून पुढं कित्येक वर्षं या जीपमध्ये ब्रेकची एकच लाइन असे. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळी नाही. एका ठिकाणी ऑइल संपलं की सगळे ब्रेक गेले. अडीअडचणीला उरतो तो हँडब्रेक, आणि या गाडीत तोही चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या मागच्या बाजूला, प्रॉपेलर शाफ्टवर त्याचा वेगळा ड्रम असतो. उतारावर गाडी चालती असताना त्याच्यावर भिस्त ठेवायची म्हणजे अवघडच.

स्विच काढायच्या आधी मिस्त्रींनी नवा स्विच हातात तयार ठेवला. जुना निघाला की भोकातून ऑइल यायला लागणार, तेव्हा शोधाशोध नको. आजूबाजूची माती त्यांनी आधी ब्रशनं आणि मग फडक्यानं पुसून काढली होती. वाळूचा एक कण आत गेला तरी सिलिंडरमधल्या रबरी कपाला चरा पडतो. ऑइलची टाकी काठोकाठ भरली. मग पाना लावून स्विच सोडवला. वायरी आधीच बाजूला होत्या. खाली फडकं.

नवा स्विच हातानं दोन आटे आत गेला आणि अडला.

मिस्त्रींनी तो लगेच बाहेर काढला, भोकावर बोट दाबून धरलं आणि मालकाकडे पाहिलं. “हा कुठून आणलात?”

मालकानं तो जुन्या बाजारातल्या एका पथारीवरून उचलला होता. दिसायला हुबेहूब. फरक होता आट्यांमध्ये. विलीजचं सगळं अमेरिकन मापात. तिथं या स्विचला एक अष्टमांश इंचाचा पाइप आटा असतो, टोकाकडे निमुळता होत जाणारा, इंचाला २७ आटे. आपल्याकडे त्याच मापाचा ब्रिटिश पाइप आटाही सर्रास मिळतो, तो इंचाला २८ आट्यांचा. शिवाय अमेरिकन आट्याचा कोन ६० अंशांचा, ब्रिटिशाचा ५५. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. बोटांनाही पहिल्या दोन फेऱ्यांत जाणवत नाही. तिसऱ्या फेरीला स्विच कडक होतो आणि हौशी माणसाला वाटतं, छान, घट्ट बसला. मग पान्यानं आणखी अर्धा फेरा. इथं पितळेचं फिटिंग चिरतं, नाहीतर आटे मरतात. त्याहून वाईट म्हणजे तो बसतो, एखादा महिना टिकतो, आणि एखाद्या दिवशी पाय जोरात पडल्यावर गळायला लागतो. हातानं तीन-चार फेरे सहज जायला हवेत आणि पुढं निमुळतेपणामुळे हळूहळू कडकपणा वाढायला हवा. इथं अचानक अडलं म्हणजे घरच वेगळं.

योग्य स्विच गॅरेजच्याच डब्यात निघाला. मालकानं विचारलं, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची का, नळाला गुंडाळतात तशी? मिस्त्रींनी नुसती मान हलवली. टेपचा एखादा धागा सुटून आत गेला आणि बारीक भोकात अडकला तर दिवा राहू दे बाजूला, ब्रेकच अडकून बसतील. स्वच्छ आटे, बेताचा जोर, एवढं पुरतं. एरवी इंजिनाच्या बोल्टाला लटकून जोर लावणारे मिस्त्री या स्विचला मनगटाच्या वर हात लावत नव्हते.

पुढं एअर काढणं. स्विच चटकन बदलला आणि टाकी भरलेली असेल तर फारशी हवा जात नाही, असं म्हणणारे आहेत आणि ते खोटं नाही. पण स्विच बसतो सिलिंडरच्या तोंडाशी, तिथं अडकलेला बुडबुडा चारही चाकांच्या वाट्याला येतो. म्हणून मिस्त्रींनी सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. पोऱ्या पेडलवर, मिस्त्री चाकाशी. “दाब. धर. सोड.” पारदर्शक नळीतून बुडबुडे यायचे थांबले की पुढचं चाक. दर चाकानंतर टाकीत डोकावून पाहणं. शेवटी पेडल जोरात दाबून धरायला लावलं आणि स्वतः खाली झोपून स्विचच्या बुडाला कोरडं फडकं लावून पाहिलं. कोरडंच.

जुना स्विच मी मागून घेतला. मिस्त्रींनी तो शिकंज्यात धरून करवतीच्या पात्यानं उभा कापून दिला. आत फार काही नसतं. ऑइलच्या बाजूला रबराचा पातळ पडदा, त्यामागे एक छोटी तांब्याची चकती, चकतीला मागे ढकलणारी स्प्रिंग आणि वर दोन पिनांची टोकं. पेडल दाबलं की ऑइलचा दाब पडद्याला रेटतो, पडदा चकतीला, आणि चकती दोन्ही पिनांवर आडवी टेकली की दिवा. स्प्रिंग अशी बेतलेली असते की दर चौरस इंचाला साधारण ६० ते १२० पौंडांचा दाब आल्याशिवाय चकती हलू नये. याला कारण आहे. ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये पेडल सोडल्यावरही थोडा दाब मुद्दाम राखलेला असतो, चाकातले कप सैल पडून हवा ओढू नयेत म्हणून. तेवढ्यावर दिवा लागता कामा नये. या स्विचमधला पडदा कडेला चिरला होता आणि चकतीवर दोन काळे खड्डे पडले होते.

ते खड्डे जास्त बोलके होते. दोन्ही बाजूंना २१ वॅटचे बल्ब धरले तर १२ व्होल्टच्या गाडीत या चकतीतून साडेतीन अँपिअर करंट जातो. युद्धकाळातली विलीज ६ व्होल्टची, तिच्यात तेवढ्याच उजेडाला सात अँपिअर लागतील. दर वेळी ब्रेक दाबताना चकती टेकते तेव्हा आणि सुटते तेव्हा बारीक ठिणगी पडते. घाटात तासाभरात हे किती वेळा होत असेल, याचा अंदाज ज्यानं आंबेनळी घाट उतरला आहे त्याला येईल. चकती जळत जाते, दिवा मंद होतो, मग अधूनमधून लागतो. म्हणून आता बरेच जण मधे रिले घालतात. स्विचनं फक्त रिलेला हाक मारायची, दिव्याचा करंट रिले सांभाळेल. एलईडी बल्ब लावले तर भार आणखी कमी. शिवाय एलईडी जुन्या बल्बपेक्षा साधारण एक पंचमांश सेकंद आधी पूर्ण उजळतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात मागच्या गाडीला त्यामुळे तीन मीटरहून जास्त अंतर हाती लागतं. शुद्धतावाद्यांना हे चालत नाही. फोर्डनं आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उठवलं होतं, आणि त्या अक्षराचा एक बोल्ट मिळावा म्हणून देशभर फोन करणारी माणसं आहेत. त्यांच्यापुढे एलईडीचं नाव काढायची सोय नाही. मला त्यांच्या निष्ठेचं कौतुक आहे, पण दिव्याच्या काचेआड काय जळतंय हे मागच्या टेम्पोवाल्याला कधीच कळणार नाही. दिवा वेळेवर दिसला की झालं.

या स्विचच्या शत्रूंमध्ये एक शत्रू शहाण्या माणसांच्या वेशात येतो, तो म्हणजे सिलिकॉनचं ब्रेक ऑइल. डॉट ५, जांभळट रंगाचं. ते रंग खात नाही, हवेतली ओल शोषत नाही, वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीला अगदी आदर्श. अमेरिकन सैन्यानंही ते स्वीकारलं होतं. पण ज्यांनी भरलं त्यांची एक तक्रार जगभर सारखी आहे: दाबावर चालणारे ब्रेकचे स्विच त्यात लवकर मरतात. शिवाय ते साध्या ऑइलमध्ये मिसळत नाही. गंमत म्हणजे बाटलीवर ‘डॉट ५.१’ लिहिलेलं ऑइल सिलिकॉनचं नसतं, ते डॉट ४ च्या कुळातलं. नावं ठेवणाऱ्यांनी इथं थोडी दया दाखवायला हवी होती.

दिवा न लागण्याची तक्रार सगळे करतात. दिवा न विझण्याची तक्रार क्वचित येते, आणि मिस्त्री तिलाच जास्त घाबरतात. मालक म्हणतो, स्विच चिकटला, बदला. कधी तसं असतंही. जुन्या जीपमध्ये हा दिवा चावी काढल्यावरही जिवंत असतो, त्यामुळे रात्रभर लागून राहिला तर सकाळी बॅटरी बसलेली. पण कधी कधी स्विच खरं बोलत असतो. लाइनमध्ये दाब खरोखरच उरलेला असतो. पेडल पूर्ण मागे येत नाही, किंवा त्याला सुरुवातीची साधारण अर्धा इंचाची मोकळी चाल ठेवलेली नाही. मग मास्टर सिलिंडरमधलं ऑइल टाकीकडे परतायचं बारीक भोक कपाखाली झाकलेलंच राहतं. गाडी चालते, ड्रम तापतात, ऑइल तापून फुगतं, त्याला परतायला वाट नसते, आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. पाय वर असताना. अशा वेळी नवा स्विच घातला तर तोही लागलेलाच राहणार, आणि वायर काढून ठेवली तर गाडी पुढच्या चढावर जळका वास सोडत थांबणार. चाकाचा एअर निपल जरासा सोडल्यावर ऑइल उडालं आणि दिवा विझला, तर स्विचला बोल लावू नये.

दाबावर चालणाऱ्या या हायड्रॉलिक स्विचचा मोठेपणा इथंच आहे. कुकरची शिट्टी आत वाफ कोंडली की वाजते, नुसता गॅस पेटवला म्हणून वाजत नाही. तसा हा स्विच ब्रेकच्या नळीत दाब आहे का, एवढंच सांगतो. त्याला तुमच्या पायाशी देणंघेणं नाही. आणि त्याची मोठी खोटही नेमकी हीच. ऑइल गळालं, नळी फुटली, लाइनमध्ये हवा शिरली, पेडल थेट पत्र्यापर्यंत गेलं, अशा वेळी दाब चढतच नाही. ड्रायव्हर जिवाच्या आकांतानं पाय मारतोय, आणि मागचा दिवा काळाच. मागच्याला इशारा सगळ्यांत जास्त हवा असतो त्या क्षणी हा स्विच मूग गिळून बसतो.

दुसरा प्रकार पेडलचा. पेडल जागेवर असताना त्याची दांडी एका बटणाला दाबून धरते. पाय टेकला, दांडी सरकली, बटण सुटलं, दिवा लागला. पुढच्या काळातल्या गाड्या याच वाटेनं गेल्या. याला ऑइल, दाब, पडदा कशाचीच गरज नाही. जुन्या विलीजला मात्र पेडल तळातून वर येतात, म्हणून बटण बसवायचं ते तळाखाली, चेसिसला पट्टी ठोकून. आपल्याकडचे मिस्त्री कधी मोटरसायकलच्या मागच्या ब्रेकचा स्प्रिंगवाला स्विच घेतात आणि त्याची स्प्रिंग पेडलच्या दांडीला अडकवतात. पाय गेला की स्प्रिंग ताणते, दिवा लागतो. स्वस्त, कुठल्याही तालुक्याला मिळणारा, कळायला सोपा. पण तळाखाली चिखल आहे, दगड आहेत, ओढ्याचं पाणी आहे. पट्टी वाकली की दिवा एक तर उशिरा लागतो, नाहीतर कायमचा लागून राहतो. ब्रेक शू झिजून पेडलची चाल बदलली की पुन्हा जुळवणी. आणि हा स्विच चाकांचं काही सांगत नाही. ब्रेक पार गेलेले असले तरी तो इमानेइतबारे दिवा लावतो.

आमच्या गॅरेजात यावर दोन पक्ष पडले. मिस्त्री हायड्रॉलिकच्या बाजूचे. शेजारच्या गाळ्यातला वायरमन पेडलचा. “मागच्याला तुमच्या दाबाचं काय करायचंय? ड्रायव्हरनं पाय दिला एवढं कळलं की बस,” हे वायरमनचं म्हणणं. मला ते पटतं. मागचा माणूस आपला ब्रेक तपासत नसतो, त्याला फक्त आपला इरादा कळायला हवा असतो. मिस्त्रींचं उत्तरही वजनदार होतं: “इरादा वाकड्या पट्टीवर टांगू नका. बांधावर आपटली की गेली.” उंच जीप नांगरटीतून, बांधावरून जाते, गुळगुळीत रस्त्यासाठी ती केलेलीच नाही. हायड्रॉलिक स्विच सिलिंडरला चिकटून बसतो, त्याला आपटायला काही नसतं.

ब्रेकच्या दिव्याची किंमत मोजायचा प्रयत्न झालेला आहे. १९७४ मध्ये जॉन व्होएवोडस्की या मानसशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३४३ टॅक्सींना मागे, मधोमध, उंचावर आणखी एक ब्रेकदिवा लावून पाहिला. मागून बसणाऱ्या धडका ६०.६ टक्क्यांनी घटल्या. १९८६ पासून अमेरिकेत मोटारींना तो तिसरा दिवा सक्तीचा झाला. पुढं सगळ्यांच्याच गाड्यांना तो आल्यावर फायदा ओसरत ४.३ टक्क्यांच्या आसपास स्थिरावला, कारण लोकांना त्याची सवय झाली. आकडा लहान दिसतो, तरी एका दिव्याच्या खर्चापुढे तो फायद्याचाच ठरला. जीपच्या बाबतीत मला यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. आज आपल्या मागे येणाऱ्या प्रत्येकाला समोर तीन झगझगीत दिवे पाहायची सवय आहे. बुटक्या पाठीवरच्या दोन छोट्या लाल गोळ्या आधीच त्याच्या नजरेतून सुटतात. त्यात त्या उशिरा लागल्या तर बोलायलाच नको. ड्रमचे ब्रेक असलेली ही गाडी मागच्या नव्या मोटारीइतकी पटकन थांबत नाही हे खरं, पण चढावर ती पटकन मंदावते, आणि खड्डा दिसला की ड्रायव्हर जीव तोडून ब्रेक मारतो.

कायद्याचंही थोडं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे, त्यात ब्रेकचा दिवा बंधनकारक आहे. खाजगी गाडीला १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना आरटीओचा निरीक्षक मागे उभा राहून ब्रेक दाबायला सांगतो. २०२१ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आली, तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं असतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढं नूतनीकरणाला पाच हजार. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको, आणि ती रोजच्या वापराला काढायची नाही. जुन्नरच्या मालकानं ही नोंदणी घ्यायचं टाळलं आहे. त्याला जीप शेतावर न्यायची असते. नाहीतर ठेवायची कशाला, असं त्याचं सरळ म्हणणं.

म्हणूनच शेवटी दोन्ही पक्षांचं ऐकायचं ठरलं. हायड्रॉलिक स्विच मूळ जागी राहिला. शिवाय पेडलच्या दांडीजवळ, चेसिसच्या आतल्या अंगाला, दगड लागणार नाही अशा बेतानं पेडलचा स्विच बसवला. दोन्हींच्या वायरी समांतर जोडून एका रिलेवर नेल्या: रिलेच्या ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून मागच्या दिव्यांकडे, ८६ ला दोन्ही स्विचकडून आलेली, ८५ अर्थला. दोहोंपैकी एकानं हाक मारली तरी दिवा लागणार. पाय नुसता टेकला की पेडलचा स्विच आधी लावेल. पट्टी वाकली तर दाबाचा स्विच थोडा उशिरा का होईना, लावेल.

वायरमन खूश होता. मिस्त्रींनी मात्र एक शंका काढली. दोन स्विच झाले म्हणजे एक मेला तर कळणार कसं? दिवा लागतच राहणार, आणि हायड्रॉलिकचा पडदा फाटून ऑइल गळायला लागलं तरी मालकाला पत्ता नाही. त्यावर उपाय त्यांनीच काढला. दोन्ही स्विचच्या वायरींना ओढून निघतील असे बुलेट कनेक्टर लावले आणि तळाच्या त्या झाकणाखाली हाताशी येतील असे ठेवले, पेडलच्या वायरीवर लाल नळी, हायड्रॉलिकच्या वायरीवर काळी. ऑइल पाहायला झाकण उघडलं की लाल ओढून ठेवायची, ब्रेक दाबून दिवा पाहायचा. मग लाल लावून काळी ओढायची, पुन्हा पाहायचा. आणि स्विचच्या खाली बोट फिरवायचं. मालकानं विचारलं, किती दिवसांनी? मिस्त्री म्हणाले, “पावसाळ्याच्या आधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. मधे ओढ्यातून काढलीत तर त्याच संध्याकाळी.”